वकिलाची फी आणि अनाथाचा वाटा



कायदा महाविद्यालयांच्या प्रवेशाचा हंगाम आला की आमच्या वडाळ्यातल्या मशिदीत पेढ्यांचे पुडे येऊ लागतात. गेल्या वर्षी अस्रच्या नमाजनंतर एक गृहस्थ थांबले. त्यांचे उभे आयुष्य ट्रक टर्मिनलवर माल चढवण्या-उतरवण्यात गेलेले. मुलाला सीईटीत चांगले गुण मिळाले होते आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्याचे नाव लागले होते. दुआ झाली, पेढा हातावर ठेवला आणि त्यांनी एका दमात दोन प्रश्न विचारले. "मौलाना, वकिलीत पैसा आहे ना? आणि तो हलाल असतो ना?"

दोन्ही प्रश्न सरळ होते आणि दोन्हींचे उत्तर होकारार्थी देता आले असते. परंतु त्यांच्यामध्ये एक तिसरा प्रश्न दडलेला होता आणि तो त्यांनी विचारला नाही. पैसा हाच वकिलीचा हेतू होऊन बसला, तर त्या वकिलीचे आणि ती करणाऱ्याचे काय होते? आपल्या वस्त्यांतून पहिल्या पिढीचे वकील आता तयार होत आहेत. आपणही कोर्टाची पायरी चढतो, अशील म्हणून, साक्षीदार म्हणून, कधी आरोपी म्हणून. म्हणून हा विचार वकिलांपुरता मर्यादित नाही.

जे निर्विवाद आहे ते आधी सांगतो. दुसऱ्याच्या वतीने वादात उभे राहण्याला फिक्हच्या ग्रंथांत 'वकालत बिल्-खुसूमत' म्हणतात आणि ती वैध आहे. ह. अली (रजि.) यांना वादाच्या ठिकाणी स्वतः जाणे आवडत नसे. तेथे शैतान हजर असतो, असे ते म्हणत. ते आधी आपले बंधू ह. अकील (रजि.) यांना आणि ते वृद्ध झाल्यावर पुतणे ह. अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांना आपले वकील म्हणून पाठवीत. इमाम बैहकी यांनी ही हकीकत नोंदवली आहे. अशी वकालत विनामूल्य करता येते, तशीच मोबदला ठरवूनही करता येते. मोबदला ठरला की तिला 'इजारा'चे, म्हणजे मजुरीच्या कराराचे नियम लागू होतात. काम ठाऊक हवे आणि मजुरीही ठाऊक हवी.

धर्माचे किंवा न्यायाचे काम करणाऱ्याने पैशाला शिवू नये, अशी एक भाबडी समजूत आपल्यात आहे. इमामांच्या पगाराबाबत तर ती फारच सोयीची ठरते. पण तो विषय आज नको. ह. अबू बकर (रजि.) खलीफा झाले, तेव्हा मुस्लिमांच्या कामात गुंतल्यामुळे त्यांचा व्यापार सुटला आणि त्यांच्या कुटुंबाचा निर्वाह बैतुल मालमधून होऊ लागला. सहीह बुखारीत ह. आयशा (रजि.) यांच्याकडून ही गोष्ट आलेली आहे. वेळ आणि विद्या खर्च करणाऱ्याने निर्वाहापुरते घेणे हा कमीपणा नाही.

उलट न देणारा अपराधी आहे. ज्या तीन माणसांविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल असे हदीसे कुदसीत सांगितले आहे, त्यांतला एक म्हणजे मजुराकडून पुरेपूर काम करून घेऊन मजुरी न देणारा. हे आपण गवंड्याच्या आणि मोलकरणीच्या बाबतीत ऐकले आहे. निकाल बाजूने लागताच वकिलाचा फोन उचलणे बंद करणारे अशीलही याच रांगेत उभे राहतील. आणखी एक विचित्र गोष्ट पाहण्यात येते. वकिलाशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस कोर्टाबाहेरच्या दलालाला विनापावती दहा हजार देऊन येतो.

तुअमाची बाजू

आता कुरआनकडे वळू. सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयती प्रत्येक वकिलाने आणि प्रत्येक अशिलाने अर्थासह वाचाव्यात. त्यांच्या अवतरणाची पार्श्वभूमी भाष्यकारांनी थोड्याफार फरकाने सांगितली आहे. मदीनेत अन्सारांपैकी तुअमा बिन उबैरिक नावाच्या माणसाने शेजाऱ्याचे चिलखत चोरले. चिलखत पिठाच्या थैलीत होते आणि थैलीला भोक होते. चिलखत कोठे कोठे गेले त्याची पांढरी रेघ वाटेवर उमटली. तुअमाने ते एका यहुदी गृहस्थाकडे ठेव म्हणून दिले. शोध घेणारे त्या घरी पोहोचले, चिलखत तेथे सापडले आणि आळ यहुद्यावर आला. तुअमाचे कुळवाले प्रेषित (स.) यांच्याकडे गेले आणि त्यांनी आपल्या माणसाची बाजू जोरदारपणे मांडली. पुरावा त्यांच्या बाजूचा दिसत होता. माणूस आपला होता आणि समोरचा परका. तेवढ्यात आयती अवतरल्या. विश्वासघातक्यांच्या बाजूने भांडणारे होऊ नका, असा स्पष्ट आदेश आला आणि यहुदी निर्दोष ठरला.

या प्रसंगावर जरा थांबा. तुअमाच्या कुळवाल्यांना कोणी फी दिली नव्हती. त्यांना बोलते केले ते कुळाच्या अब्रूने. आज कुळाची जागा बहुतांशी पैशाने घेतली आहे. परंतु आयतींचा रोख पैशावर किंवा कुळावर नाही, तो त्या जिभेवर आहे जी सत्य ठाऊक असूनही दुसरीकडे वळते. १०९ व्या आयतीत तर 'वकील' हाच शब्द आला आहे. या जगात तुम्ही त्यांच्या वतीने भांडलात, पण कयामतच्या दिवशी अल्लाहसमोर त्यांच्या वतीने कोण भांडेल, त्यांचा वकील कोण होईल, असा तेथे प्रश्न आहे. मराठीत, उर्दूत आणि अरबीत एकच असलेला हा शब्द वाचताना काळ्या कोटातल्या माझ्या मित्रांची मला आठवण होते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस याच विषयाची आहे. प्रेषितांनी (स.) स्वतःबद्दल सांगितले की मीही माणूस आहे. वाद घेऊन लोक माझ्याकडे येतात, एखादा दुसऱ्यापेक्षा बोलण्यात सरस असतो आणि ऐकले त्यावरून मी निवाडा देतो. परंतु त्या निवाड्याने कोणाला आपल्या भावाचा हक्क मिळाला, तर त्याने समजावे की हाती आगीचा तुकडा आला आहे. म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा खोट्याला खरे करीत नाही. अशिलाला जर आगीचा तुकडा मिळत असेल, तर त्यातून कापून दिलेली फी वकिलाच्या घरी थंड होऊन जात नाही. अन्यायाच्या वादात जाणूनबुजून मदत करणारा, त्यातून बाहेर पडेपर्यंत अल्लाहच्या कोपात असतो, असे अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये आले आहे.

येथे काही वाचक विचारतील की मग आरोपीचा बचावच करायचा नाही का? असा अर्थ काढला तर मोठा अन्याय होईल. चिलखताच्या प्रसंगात वकिलाची गरज खरोखर कोणाला होती ते पाहा. ज्याच्या घरात मुद्देमाल सापडला होता, पुरावा ज्याच्या विरुद्ध होता आणि ज्याच्या मागे कोणी नव्हते, त्या परक्या माणसाला ती होती. आरोप झाला म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क दिला आहे. अपराध खरा असला तरी शिक्षा हद्दीबाहेर जाऊ नये, जबाब मारहाणीने घेतलेला नसावा, कायद्याने घालून दिलेली रीत पाळली जावी, हे पाहणे न्यायाचेच काम आहे. निषिद्ध आहे ते खोटा साक्षीदार उभा करणे, खोटे कागद तयार करणे आणि आळ निर्दोषावर ढकलणे.

वडाळ्याहून हार्बर मार्गाने तिसरे स्थानक कुर्ला. तेथील टॅक्सीमेन कॉलनीतल्या कार्यालयात ११ फेब्रुवारी २०१० रोजी अ‍ॅड. शाहिद आझमी यांना गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. तरुणपणी काही वर्षे तिहार तुरुंगात काढून बाहेर आल्यावर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. दहशतवादाच्या आरोपाखाली अडकलेल्या, वकील मिळत नसलेल्या माणसांचे खटले ते लढवू लागले. त्यांतले पुष्कळसे गरीब होते आणि काहींच्या वतीने जमियत उलेमाने त्यांना उभे केले होते. २६/११ च्या खटल्यातील एका भारतीय आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे शहराचा रोष ओढवून घेणे होते. त्यांनी ते घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, मे २०१० मध्ये, तो आरोपी विशेष न्यायालयात निर्दोष ठरला. पुढे उच्च न्यायालयाने आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. याच कौशल्यावर इतर प्रकरणांत भरपूर पैसा मिळाला असता, हे कोणी नाकारणार नाही. प्रत्येक मुस्लिम वकिलाने असेच खटले घ्यावेत असे मी म्हणत नाही. कोणते वकीलपत्र घ्यायचे हे ठरवताना पैशाचा आवाज सर्वांत मोठा नसलेला माणूस आपल्याच शेजारी होऊन गेला, एवढेच दाखवायचे आहे.

दळणावळ

पैसा घेणे वैध आहे हे मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा की कोणत्या ठिकाणी पैसा वकिलाच्या जागी बसून निर्णय घेऊ लागतो. माझ्या पाहण्यात अशी सर्वांत धोक्याची जागा टक्केवारीची आहे आणि तिचे चटके आपल्याच वस्त्यांना बसतात.

लोकलमधून पडून माणूस दगावतो. घरी विधवा, दोन लहान मुले, म्हातारे आईवडील. चौथ्या-पाचव्या दिवशी दारात कोणीतरी उभा राहतो. त्याच्याकडे मृताचे नाव असते, पत्ता असतो, कधी पंचनाम्याची प्रतही असते. तो सांगतो, 'तुम्ही काही करू नका, फक्त येथे सह्या करा. पैसे आले की चाळीस टक्के आमचे, नाही आले तर एक पैसाही नको.' इद्दतीत बसलेल्या बाईला हे उपकारासारखे वाटते आणि ती अंगठा उठवते.

कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे वैध तिकीट किंवा पास असलेला प्रवासी गाडीतून अपघाताने पडून मरण पावला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही वारसांना भरपाई मिळते. आत्महत्या, नशा किंवा स्वतःचे गुन्हेगारी कृत्य ही कारणे असतील तर मिळत नाही आणि रूळ ओलांडताना झालेला मृत्यू सहसा यात बसत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठीची ही रक्कम ८ लाख रुपये आहे, त्याआधी ती ४ लाख होती. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणजे कागद ठीक असतील तर अशा दाव्यात फार मोठी जोखीम नसते. आठ लाखांचे चाळीस टक्के म्हणजे ३ लाख २० हजार. ही रक्कम विधवेची, वृद्ध आईवडिलांची आणि लहान मुलांची आहे. फिक्हमध्ये पालकालासुद्धा अल्पवयीनाच्या मालातून देणगी देण्याचा अधिकार नाही. मग जो हिस्सा मुलांचा आहे, त्यातले चाळीस टक्के आईच्या अंगठ्याने कसे देता येतील? अनाथांचा माल अन्यायाने खाणारे पोटात आग भरतात, हे सूरह अन्-निसाच्या १० व्या आयतीत आले आहे.

हनफी फिक्हमध्ये एक जुना मुद्दा आहे, 'कफीज अत्-तह्हान', म्हणजे दळणाऱ्याचे माप. दळणाऱ्याने दळलेल्या पिठातूनच आपली मजुरी काढून घ्यायची, असा करार करण्याची मनाई एका रिवायतीत आली आहे. ती रिवायत आणि तिचा आवाका यांवर विद्वानांत चर्चा आहे, काहींनी रूढीच्या आधारे सूटही दिली आहे. परंतु हनफी विद्वानांनी तिच्या आधारे जे तत्त्व मांडले ते विचार करण्यासारखे आहे. कामगाराच्या कामातूनच जी वस्तू निर्माण व्हायची, तिचाच भाग त्याची मजुरी ठरवू नये. आपल्या मराठीत दळणावळ हा शब्द आहे. दळणावळ रोख पैशात द्यावी, पीठ घरी न्यावे. पीठच वाटून घ्यायचे ठरले की दळणाऱ्याची नजर जात्यावर राहत नाही, ती टोपलीवर जाते. आपल्या कोकणी बांधवांपैकी बहुतेक शाफई आहेत. त्यांच्या फिक्हमध्ये 'जुआला', म्हणजे काम पूर्ण झाल्यावर द्यायचे इनाम, वैध आहे, पण तेथेही इनाम किती हे ठाऊक असावे लागते.

कोणी म्हणेल की फिक्हमध्ये मतभेद आहे, तर टक्केवारीला वाव आहे. मी त्यांना सनद आठवून पाहण्यास सांगतो. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही ठेवता येत नाही. सनद घेताना त्याने हे नियम स्वीकारलेले असतात. सूरह अल्-माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याचा आदेश देते. फिक्हने एखादी खिडकी उघडी ठेवली असली तरी वकिलाने ती स्वतःच्या सहीने बंद केली आहे.

या नियमाला मुंबईचाच एक इतिहास आहे. येथील एका ज्येष्ठ वकिलाने अशिलाशी करार केला की जेवढी वसुली होईल तिचा निम्मा भाग वकिलाचा. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना काही काळ वकिली करण्यास बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की असा करार दोन सामान्य माणसांत झाला असता तर तो बेकायदा ठरलाच असता असे नाही, पण वकिलाने तो करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. निर्णयपत्रात त्या वकिलाचे नाव दिलेले नाही, 'जी' एवढे एकच अक्षर आहे. दोष सांगायचा आणि माणूस झाकायचा ही रीत आपल्याला परकी वाटू नये. पुढे २०१७ मध्ये तेलंगणातील एका विधवेचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. पतीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईतून टक्केवारीने फी मागून वकिलाने तिच्याकडून धनादेश घेतला होता आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी खटला भरला होता. न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचे पुन्हा सांगितले.

तेव्हा, वाचक भगिनींनो, हे विशेषतः तुमच्यासाठी. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही करू नका. फी आकड्यात ठरवा, लिहून घ्या, पावती मागा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. आणि फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, मुलाला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. दारात येणाऱ्या दलालाबद्दल सांगायचे तर २०२३ च्या दुरुस्तीने वकील कायद्यातच दलालीसाठी तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आली आहे. तो वकिलाचा माणूस आहे असे सांगत असेल, तर तो वकिलाविरुद्धच पुरावा आहे.

तारीख आणि तडजोड

दलालीचा प्रश्न आजचा नाही. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले तरुण गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिला खटला चालवायला उभे राहिले, तेव्हा दलालाला हिस्सा द्यावा लागेल असे त्यांना सांगण्यात आले. महिन्याला तीन-चार हजार मिळवणारे फौजदारी वकीलही देतात, हा युक्तिवाद होता. त्यांनी नकार दिला, खटला मिळाला तरी उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांची जीभ चालेना, आणि ३० रुपये फी परत करून ते बाहेर पडले. जे काम झाले नाही त्याची मजुरी ठेवली नाही, एवढे तरी आपण त्यातून घ्यावे.

पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. १८९३ मध्ये पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने त्यांना दक्षिण आफ्रिकेत नेले, जाण्यायेण्याचा खर्च आणि १०५ पौंड यावर. दावा ४० हजार पौंडांचा होता आणि प्रतिवादी तय्यब शेठ हे दादा अब्दुल्लांचे नातलगच होते. दोन्ही बाजूंचे वकील फी घेत होते आणि खटला दोन्ही घरांना पोखरत होता. गांधींनी दोघांना लवादापर्यंत आणले. लवादाने ३७ हजार पौंड आणि खर्च दादा अब्दुल्लांच्या बाजूने दिला. एकरकमी भरले तर तय्यब शेठ बुडणार होते. मग दुसरी तडजोड झाली आणि दादा अब्दुल्लांनी दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य केले. दोघा मेमन व्यापाऱ्यांची अब्रू शाबूत राहिली. या वाटेने आपले पैशाचेही नुकसान झाले नाही, असे गांधींनी पुढे नमूद केले आहे. नाताळमध्ये सार्वजनिक कामासाठी पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा वीसेक व्यापाऱ्यांनी आपली कोर्टाची कामे वर्षभरासाठी त्यांच्याकडे सोपवली. सेवेचे पैसे घेतले नाहीत, मजुरीचे घेतले.

हे वाचताना मला प्रेषितांच्या (स.) मशिदीतला प्रसंग आठवतो. ह. कअब बिन मालिक (रजि.) यांचे ह. इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे येणे होते. मशिदीत तगादा करताना आवाज चढले. प्रेषितांनी (स.) हुजऱ्याचा पडदा सारला, कअब यांना हाक मारली आणि निम्मे सोडून देण्याची खूण केली. ते म्हणाले, सोडले. मग प्रेषितांनी (स.) दुसऱ्याला उठून उरलेले फेडून टाकायला सांगितले. एका बैठकीत वाद मिटला. सूरह अन्-निसाच्या १२८ व्या आयतीत तडजोडीला उत्तम म्हटले आहे ते पती-पत्नीच्या संदर्भात, पण विद्वानांनी तिचा अर्थ व्यापक घेतला आहे.

तडजोडीत वकिलाची एक परीक्षा असते, कारण खटला मिटला की तारखांची फी थांबते. आपल्या परळ-लालबाग-वडाळ्याच्या पट्ट्यात पागडीच्या खोल्यांचे वाद वर्षानुवर्षे चाललेले असतात. ज्यांनी दावा लावला त्यांचे नातू तारखेला जातात. सगळा दोष वकिलांचा नाही. न्यायालये कमी पडतात, सरकारी कागद मिळत नाहीत. आणि खरे सांगायचे तर अशीलही 'लांबवा, मेहेरबान, जितके लांबेल तितके' असे सांगणारे असतात. ऐपत असलेल्याने देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे हदीसमध्ये स्पष्ट आले आहे. तो जुलूम करवून घेणारा अशील आणि फी घेऊन करणारा वकील, दोघेही त्यात आले. दावा मिटण्याजोगा आहे हे पहिल्याच भेटीत ओळखता येते आणि तेथेच ते सांगणारा वकील स्वतःचे दहा वर्षांचे उत्पन्न सोडत असतो. प्रलंबित दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. हे अशिलाला सांगणे ही अमानत आहे.

मुलाच्या बापाला

आता त्या गृहस्थांकडे परत येतो. त्यांना मी सांगितले की वकिलीत पैसा आहे, पण तो उशिरा येतो. पाच वर्षे शिक्षण आणि त्यानंतर ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालची उमेदवारी. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. मुंबईत फाईल घेऊन धावणाऱ्या कित्येक मुलांना गाडीभाड्यापुरतेही मिळत नाही. ज्येष्ठ वकिलांपैकी जे हे वाचत असतील त्यांना मजुराच्या घामाची हदीस मी नव्याने सांगायला नको.

याच काळात वाईट पैसा येतो. घरातून रोज विचारणा होत असते, धाकट्या बहिणीचे लग्न तोंडावर असते, वडिलांची कंबर गेलेली असते, आणि तेव्हाच एखादा दलाल तीन अपघातांचे कागद घेऊन येतो. मुलाचा हेतू आधी शुद्ध असतो. तो भुकेने आणि घरच्यांच्या अपेक्षेने वाकतो. म्हणून मी त्यांना एवढेच मागितले की सनद मिळाल्यापासून पाच वर्षे मुलाकडून घरखर्च मागू नका. ते बराच वेळ गप्प राहिले. पाच वर्षे हमालाच्या घरात किती मोठी असतात हे मला ठाऊक आहे. जमातीतल्या सुखवस्तू मंडळींनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतानाच पुढच्या तीन वर्षांचाही विचार करावा, असे मी जुम्याच्या बयानात सांगितले. दोघांनी जबाबदारी घेतली आहे.

त्या बयानानंतर एक वकील बांधव भेटायला आले. वय पन्नाशीचे. पूर्वी घेतलेल्या टक्क्यांचे काय, असे त्यांनी विचारले. तौबा पुरेल का? मी म्हणालो, हा बंद्यांचा हक्क आहे, तो बंद्यांना परत करावा लागेल. प्रत्येक कामाची रास्त मजुरी प्रामाणिकपणे ठरवा, ती तुमची. तिच्यावर घेतलेले वारसांचे. वारस सापडत नसतील तर शोध पुरा झाल्यावर त्यांच्या वतीने दान करा, स्वतःला पुण्य मिळावे ही आशा न ठेवता. आधी त्यांच्याकडे जा, ज्यांची मुले तेव्हा लहान होती. त्यांनी जुनी डायरी जपून ठेवली होती. पहिले नाव निघाले ते संगमनगरचे. ते दोनदा जाऊन आले. चाळ पाडून तेथे इमारत उभी राहिली आहे, कुटुंब मुंब्र्याकडे गेल्याचे शेजारी सांगतात. त्या घरातला मुलगा आता सतरा-अठरा वर्षांचा असेल.